दिवे लावले की बहिरी होणारी जीप

भाटियासाहेबांनी मला त्या दिवशी गुडगावला पाठवलं ते जीपमधला वायरलेस सेट ठीक आहे हे सांगायला. तो ठीक आहे का ते बघायला नव्हे. हा फरक त्यांनी निघण्यापूर्वी मला दोनदा समजावला, कारण माझा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

आमची कंपनी नोएडातली. नव्वदनंतर लायसन्सचे नियम सैल झाले आणि वॉकीटॉकी विकणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यातली ही एक. मी तिथे आरएफ इंजिनिअर, म्हणजे रेडिओलहरींचं बघणारी. मूळची पुण्याची. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि रोज यमुना ओलांडून ऑफिसला जायचे. गुडगावकडची शेतं जाऊन टॉवर उभे राहिले, प्रत्येक टॉवरवाल्यांनी भोवती भिंत घातली, भिंतीला गेट आले, गेटवर गार्ड आले आणि गार्डच्या हातात आमचे सेट आले. माझी नोकरी त्या भिंतींवर चालायची म्हणा ना.

भानगड अशी होती. मला पाठवलं ती अशीच एक टॉवरांची सोसायटी, तिथे संध्याकाळी एक पेट्रोलिंगची जीप फिरायची. जीपवर रणबीर सिंग नावाचा ड्रायव्हर होता. तोफखान्यातून निवृत्त झालेला, म्हणून सगळे त्याला फौजी म्हणायचे. डिसेंबरातल्या एका धुक्याच्या संध्याकाळी मागच्या बागेत एक ऐंशी उलटलेले गृहस्थ पाय घसरून पडले. कुणाच्या तरी कामवालीने पाहिलं आणि कंट्रोल रूमला कळवलं. कंट्रोल रूमने जीपला हाका मारल्या. जीप बागेच्या शेजारच्याच गल्लीत होती. फौजीने उत्तर दिलं नाही. गेटवरचे गार्ड धावत पोचेपर्यंत आजोबा त्या थंडीत ओल्या गवतावर पडून होते. पुढे हॉस्पिटलमध्ये न्यूमोनिया झाला आणि ते गेले.

मोबाइल का नाही केला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. गार्ड ड्युटीवर मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात अशी रहिवाशांची तक्रार होती, म्हणून कमिटीने नियम केला होता की ड्युटीवर येताना मोबाइल कंट्रोल रूममध्ये जमा करायचा. म्हणजे फौजीकडे बाहेरच्या जगाचा आवाज ऐकायला फक्त आमचा सेट होता.

फौजीला काढून टाकलं होतं. ड्युटीवर दारू प्यायला होता, असं कारण. आता सोसायटीला फक्त आमच्या तोंडून ऐकायचं होतं की सेटमध्ये दोष नव्हता. दोषी माणूस सापडला की सगळ्यांना शांत झोप लागते. आम्ही फक्त दिवा मालवायचा होता.

मी दुपारी पोचले. जीप ऑफिससमोर उभी होती. सेट तपासला, अँटेना तपासली, वायर तपासली. कंट्रोलमधून हाक मारून बघितली. आवाज खणखणीत. सोसायटीचे सेक्रेटरी चोप्रा शेजारी उभे होते. त्यांचा गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजचा मोठा धंदा होता. ते म्हणाले, झालं मग, चहा घ्या. मी चहा घ्यायला कंट्रोल रूममध्ये गेले आणि तिथे बसले ही माझी चूक झाली, असं भाटियासाहेब पुढे म्हणाले.

कंट्रोल रूममध्ये सुनीता नावाची मुलगी होती. त्या संध्याकाळी तीच हाका मारत होती. तिला मी सहज विचारलं, फौजी अगदीच गप्प होता का? ती म्हणाली, "नहीं मैडम, वो तो बोल रहा था. हर चक्कर पे 'सब ठीक है' बोलता था. मैं चिल्ला रही थी और वो बीच में 'सब ठीक है' बोल के चुप. इसी बात पे तो सबको गुस्सा आया."

माझा चहा तसाच राहिला. झोपलेला माणूस बोलत नाही. झिंगलेला माणूस प्रत्येक फेरीला शिस्तीत रिपोर्ट देत नाही. आणि सेट बिघडला तर तो सहसा दोन्ही बाजूंनी रुसतो. बोलतो पण ऐकत नाही, याचा अर्थ आमच्या धंद्यात बहुतेकदा एकच असतो. सेटच्या कानाशी कुणीतरी गोंगाट करतं आहे.

हे घरातल्या भाषेत सांगते. बाई स्वयंपाकघरात मिक्सर लावून उभी आहे. तिला हॉलमधून हाक मारा, तिला ऐकू येणार नाही. पण ती ओरडली तर हॉलमध्ये ऐकू येतं. कारण मिक्सर तिच्या कानाशी आहे, तुमच्या नाही. मला जीपमधला मिक्सर शोधायचा होता.

चोप्रांना सांगितलं, मी अंधार पडेपर्यंत थांबते. त्यांना ते आवडलं नाही. मी तरी थांबले. नव्या ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि त्याला मागच्या बागेकडे घ्यायला सांगितलं. उजेड होता तोवर सुनीताची प्रत्येक हाक ऐकू आली. मग दिसेनासं झालं तसे त्याने दिवे लावले. पुढे झगझगीत पांढरे एलईडी हेडलाइट आणि टपावर तसलीच लांब पट्टी. आम्ही बागेला वळसा घातला. सेट गप्प होता. मला वाटलं सुनीता चहाला गेली असेल. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. "मैडम, कब से बुला रही हूँ."

मी ड्रायव्हरला म्हटलं, दिवे बंद कर. त्याने केले, आणि सेटमधून सुनीताचा आवाज अर्ध्या वाक्यातच सुरू झाला. पुन्हा लावायला सांगितले. आवाज गेला. मी ते इतक्या वेळा करून बघितलं की ड्रायव्हरला माझ्या डोक्याविषयी शंका आली असावी.

माझ्या पर्समध्ये छोटा एफएम रेडिओ असायचा, प्रवासात गाणी ऐकायला. तो बॉनेटजवळ नेला. दिवे बंद असताना गाणं, दिवे लावले की नुसती खरखर. टपावरच्या पट्टीजवळ तर कान फाटतील अशी. आणि आमची अँटेना त्या पट्टीला खेटूनच लावलेली होती.

एलईडी दिवा स्वतः गुन्हेगार नसतो. त्याला बॅटरीची वीज जशीच्या तशी चालत नाही, म्हणून दिव्याच्या बुडात एक छोटं सर्किट असतं. ते वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून दिव्याला हवी तशी देतं. या चालू-बंदचा गोंगाट आजूबाजूच्या रेडिओला होतो. चांगला बनवणारा त्यात फिल्टर घालतो. स्वस्तात बनवणारा तो गाळतो, कारण फिल्टर काही उजेड देत नाही.

मग फौजीला ही खरखर का नाही ऐकू आली? कारण आम्हीच ती बंद केली होती. सोसायटीच्या सेटना एक ठरावीक टोन लावलेला असतो. आपल्या माणसाची ओळखीची टकटक ऐकू आली तरच दार उघडायचं, असं समजा. गोंगाटात सेटला टकटक ऐकू येत नाही, मग तो दारच उघडत नाही. आत बसलेल्याला शांतता. धुकं, शांतता आणि मधूनमधून स्वतःचं 'सब ठीक है'. गेटजवळ कंट्रोलचा सिग्नल जोरदार, तिथे काम भागायचं. मागच्या बाजूला टॉवरांच्या आड तो क्षीण व्हायचा आणि जीप ठार बहिरी. दिवसा कुणी दिवे लावत नाही आणि सेटची तपासणी नेहमी दिवसा व्हायची. अंधार पडला की जीप उत्तर देत नाही, याचा अर्थ लोकांनी दारू असा लावला.

हे दिवे कुणी बसवले? चोप्रांनी. दिवाळीत सोसायटीला भेट म्हणून, त्यांच्याच दुकानातून. पांढरा उजेड धुक्यात उलटा डोळ्यांवर येतो हेही त्यांना ठाऊक असायला हवं होतं, पण जीप रुबाबदार दिसत होती.

भाटियासाहेबांना फोन केला. ते म्हणाले, दिवे चुपचाप काढायला सांग आणि घरी जा. मी म्हटलं, एका माणसाची नोकरी गेली आहे. ते म्हणाले, तुझी आहे ना? ती सांभाळ.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, कमिटी जमणार होती. मी आपणहून गेले आणि त्यांच्या देखत जीप, दिवे, सेट असं सगळं करून दाखवलं. दोघातिघांचे चेहरे पडले. चोप्रांचा नाही पडला. ते शांतपणे म्हणाले, "मैडम, ये सब ठीक है. पर फौजी ने खुद माना है कि उसने पी थी. हम सबके सामने."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी कंट्रोल रूममधून फौजीचा पत्ता घेतला आणि तशीच निघाले.

सोसायटीच्या भिंतीला लागून जुनं गाव होतं. जमिनी विकलेल्यांनी चार-चार मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत फौजी खाटेवर बसला होता. ताठ, पण थकलेला. त्याची बायको दाराशी भाजी निवडत होती. ती माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे बघत नव्हती. आपण कोण आणि कशाला आलो ते मी सांगितलं, मग दिव्यांचं सगळं सांगितलं. तो माझ्या ओठांकडे टक लावून बघत राहिला. मला ते जरा विचित्र वाटलं.

शेवटी मी विचारलं, प्यायला होतात का?

"जिंदगी में हाथ नहीं लगाया जी."

मग कबूल का केलं?

त्याने बायकोकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून बोलायला लागला. उमेदीची सगळी वर्षं तोफांपाशी गेली होती. बरोबरीचे बरेच जण बहिरे झाले होते. सुनीता इतक्या हाका मारत होती असं सगळे म्हणाले आणि त्याला तर एकही ऐकू आली नव्हती. मग दुसरं काय असणार? आपले कान गेले, असं त्याने ठरवून टाकलं. डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टरने सांगितलं असतं तर ते पक्कं झालं असतं. "शराबी को छह महीने बाद कहीं और रख लेते हैं, मैडम. बहरे ड्राइवर को कौन रखेगा?"

तेव्हापासून तो लोकांचे ओठ वाचायचा प्रयत्न करत होता. ऐकू येत असताना.

मी उठले, त्याच्या मागे गेले आणि अगदी हळू आवाजात म्हटलं, "रणबीर सिंग जी, आपके कान बिल्कुल ठीक हैं."

तो वळला नाही. तसाच पाठमोरा बसून राहिला. मग म्हणाला, "तो फिर मैंने झूठ क्यों बोला?"

बायकोच्या हातातली भाजी थांबली. महिनाभर ती आपल्या नवऱ्याला दारुडा समजत होती, आणि तसं समजायला त्यानेच तिला सांगितलं होतं. ती उठून आत गेली. आतून रडण्याचा आवाज आला. तो त्याला ऐकू आला, आणि आपल्याला ऐकू आला हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मला तिथे थांबवेना.

मी त्याच दुपारी परत सोसायटीत गेले. आता तरी गुंता सुटेल असं मला वाटत होतं. मी पुण्याची असले तरी इतकी वर्षं दिल्लीत काढली होती, हे मला कळायला हवं होतं. चोप्रांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहले बोला पी थी, अब बोलता है नहीं पी थी. ऐसे झूठे आदमी को जीप कैसे दें?" वारलेल्या आजोबांचा मुलगा तिथेच होता. त्याच्याकडे मी आशेने पाहिलं. तो म्हणाला, मॅडम, राहू द्या आता, आम्हाला हा विषय संपवायचा आहे. त्यालाही मी दोष देत नाही. दारुड्याला शिव्या देता येतात, दिव्याच्या सर्किटला काय शिव्या देणार?

जीपचे दिवे त्याच आठवड्यात निघाले. मेंटेनन्स, असं कारण सांगितलं. आमचं कंत्राट टिकलं. भाटियासाहेबांनी मला पुढे वर्षभर गुडगावला पाठवलं नाही. फौजीला गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीने कुठेच घेतलं नाही. दारूचा शेरा त्याच्या नावापुढे राहिला, आणि तो बायकोला घेऊन गावी निघून गेला. मी सगळीकडे बोलले, नुसतीच बोलले. मी पण त्या संध्याकाळच्या सुनीतासारखीच, माझं 'सब ठीक नहीं है' मी प्रत्येक फेरीला सांगत होते आणि पलीकडे कुणी दार उघडत नव्हतं.

या प्रकरणातून मी धंद्यापुरतं एक शिकले. यंत्र ज्या वेळी वापरलं जातं त्याच वेळी तपासावं. उजेडात सगळंच ठीक असतं. नंतर मी प्रत्येक गाडी दिवे, वायपर, हॉर्न सगळं लावून तपासायला लागले आणि टेक्निशियन लोक मला हसायला लागले.

काढलेले दिवे चोप्रांनी फेकले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांचा मला फोन आला. अगदी गोड आवाजात. मॅडम, माझ्या गाडीत एक गंमत होते, म्हणाले. दिवसा एफएम छान लागतो, संध्याकाळी ऑफिसमधून निघालो की काहीच ऐकू येत नाही. काय असेल?

मी म्हटलं, "चोप्राजी, एक बार अपने कान दिखा लीजिए."