न उचललेला बेलभंडारा

माझे एक जुने सहकारी विधानसभेच्या निवडणुकीला उभे राहिले आहेत, ही बातमी मला कळंबच्या बसस्थानकाबाहेर चहा पिताना मिळाली, आणि ती थट्टेच्या रूपानेच मिळाली.

"काय मुख्याध्यापक, तुमच्या विज्ञानाच्या सरांनी सरकारच बंद करायचं काढलंय म्हणं," आडतीवरचे एक ओळखीचे मुनीम म्हणाले. "मग तुमची पेन्शन कुणी द्यायची व?"

"इस्त्री देईल की!" बाकावरून दुसरे कोणी ओरडले. सरांना निशाणी म्हणून इस्त्री मिळाली होती.

सगळे हसले. मला हसू आले नाही, कारण सरांचे म्हणणे मला ठाऊक होते आणि ते असे नव्हते. सर ज्या लहानशा पक्षातर्फे उभे होते, त्याचे पूर्ण नाव त्यांच्या प्रचारकांनाही धड सांगता येत नसे. पण पत्रकात काय लिहिले होते ते स्वच्छ होते. सरकारने थोडी कामे करावीत आणि ती नीट करावीत. कायदा पाळला जातो की नाही ते पाहावे, न्याय वेळेवर द्यावा, रस्ते राखावेत. शेतकऱ्याने माल कोठे विकावा, निर्यात कधी थांबवावी, देवळापुढे मांडव कोणी घालावा, यात हात घालू नये. जे काम गावाला स्वतः करता येते, ते गावाने करावे. विधान मान्य करा किंवा खोडून काढा. परंतु खोडण्यापूर्वी ते समजून घेणे आवश्यक असते. हे मी वर्गात पुष्कळ वर्षे सांगत आलो.

सरांपाशी त्यांच्या म्हणण्याचा पुरावा होता. ज्या गावात आम्ही दोघांनी नोकरी केली, तेथेच त्यांनी निवृत्तीनंतर थोडे रान घेऊन घर बांधले. मी कळंबला राहिलो. त्यांच्या रानातल्या विहिरीला पाणी चांगले होते. गावात त्या काळी टँकर यायचा आणि टँकरभोवती भांडणे व्हायची. सरांनी विहीर गावाला मोकळी केली, लोकांनी स्वतः चर खणून नळ टाकले आणि पाणी उताराने गावात आणले. उतारावर प्रथम बौद्ध वस्ती लागते, म्हणून पहिला नळ तेथे बसला. पुढे माळगल्ली, पाटीलगल्ली आणि शेवटी देवळाचा पार. व्यवस्था अशी होती की प्रत्येक गल्लीने पाळीने विहिरीवरची मोटार सांभाळायची, आणि सुगीला प्रत्येक घराने पायलीभर ज्वारी किंवा सोयाबीन आणून पारावर सर्वांसमक्ष मापून द्यायचे. तो माल कळंबला विकून विजेचे बिल भागायचे. पाळी चुकवणाऱ्या गल्लीला दुसऱ्या दिवशी पाणी सर्वांत शेवटी. कोणाचे अनुदान नाही, कोणाची सही नाही. पारावर वस्तीची पायली आणि पाटलांची पायली एकाच ढिगात पडत असे. ते पाहिले की मला नागरिकशास्त्राचा तास सार्थकी लागल्यासारखे वाटे.

निवडून येऊ असे सरांना वाटत नव्हते. "मला मतदारसंघ नको," ते म्हणायचे. "ह्या गावानं तेवढं म्हणावं, की आपलं पाणी आपण आणलं. गाव तसं म्हणालं तर ही विहीर टिकेल. न्हाय म्हणालं तर उद्या कुणी टाकी दाखवली की पाळी मोडली म्हणून समजा." म्हणजे निवडणूक मतदारसंघाची असली, तरी पणाला लागले होते ते या विहिरीचे पाणी.

गाव तसे म्हणायला तयारही झाले. प्रचार संपत आला तेव्हा मी सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून तेथे गेलो. देवळासमोर माणसे जमली होती. देवस्थानचे कारभारी, ज्यांना सारे अप्पा म्हणतात, पितळी ताटात बेलाची पाने आणि भंडारा घेऊन उभे होते. बेलभंडारा उचलणे म्हणजे देवाला साक्ष ठेवून शब्द देणे. तो ज्याच्या नावाने उचलला, त्याच्याशी फितूर व्हायचे नाही, असा संकेत आहे. भाऊबंदकीत उचलतात, अलीकडे मतासाठीही उचलतात.

"सर, तुमी काय बोलू नगा," अप्पा म्हणाले. "तुमी आमाला पाणी पाजलं. आज सगळं गाव तुमच्या नावानं भंडारा उचलतंय. विषय संपला."

वस्तीतल्या बाई पुढे आल्या. त्या निवृत्त आरोग्यसेविका. गावातली निम्मी पोरे त्यांच्या हातून डोस घेऊन वाढलेली, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. "अप्पा, आमी भंडारा उचलत न्हाय, तुमाला ठाव हाय. पण मत सरांलाच. शब्द म्हणजे शब्द."

"तुमचं तुमी बघा," अप्पा म्हणाले.

आणि सरांनी हात जोडून ताट बाजूला सारले. "अप्पा, शपथेनं बांधलेलं मत मला नको. सरकारनं माणसाला बांधू नये म्हणून मी दारोदार सांगतोय, आन मीच तुमाला बांधू? पटलं तर द्या. न्हाय पटलं तर नका देऊ. पाणी दोन्ही वेळेला येईल."

वाक्य मला अचूक वाटले. पण सभेवर त्याचा काय परिणाम झाला तो मी डोळ्यांनी पाहिला. लोकांच्या चेहऱ्यावरचे तेज उतरले. "देवाचा भंडारा परत लावला," असे मागून कोणी म्हटले. दुसरा म्हणाला, "ज्याला निवडून यायचंय, तो असं करतो व्हय? आतून काहीतरी ठरलेलं असणार." ज्याने तुम्हाला मोकळे ठेवले, त्याला तुमची गरजच नाही, असा निष्कर्ष त्या पारावर निघाला. निष्कर्ष काढणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्याकडे दहावीपर्यंत शिकलेले होते.

त्या रात्री मी सरांकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी मोठ्या पक्षाच्या उमेदवाराचा माणूस ठेकेदाराला घेऊन आला. आचारसंहितेमुळे नारळ फोडता येत नव्हता, म्हणून ठेकेदाराने देवळापुढच्या मातीवर नुसती पांढरी फक्की ओढली: इथपर्यंत सभामंडप. पारामागे आणखी एक चौकोन ओढला: येथे पाण्याची नवी टाकी. लोक त्या पांढऱ्या रेघांच्या आत चपला काढून उभे राहिले. होय, चपला काढून. मांडव जणू उभाच होता. त्याच ताटात, त्याच अप्पांच्या हातून, त्या उमेदवाराच्या नावाने भंडारा उचलला गेला. उमेदवाराच्या माणसाने ताट बाजूला सारले नाही. कपाळाला लावून घेतला, आणि गाव खूश झाले.

मला तेव्हा जे वाटले त्याला राग म्हणता येणार नाही. राग समोरच्याकडून काही अपेक्षा असताना येतो. संध्याकाळच्या बसने मी परतलो आणि निकालापर्यंत तिकडे फिरकलो नाही.

निकाल सांगण्यासारखा नाही. सर हरले, आणि वाईट हरले. पण आपल्याकडे कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली हे लपून राहत नाही. गावच्या केंद्रावर इस्त्रीला थोडी मते होती. भंडारा उचलणारे तर फुटणार नाहीत, असे सर्वांनी एकमुखाने ठरवले. मग राहिली वस्ती. "गावाबरोबर न्हाय राहिले," एवढे वाक्य गल्लीगल्लीतून फिरले. भंडारा उचलण्याच्या आदल्या दिवशी आपण सरांना काय म्हणालो होतो, हे कोणालाही आठवले नाही. दिलेला शब्द पाळणारे एवढेच लोक त्या गावात होते, आणि गावाच्या लेखी तेच फितूर ठरले.

टाकी झाली. तीही लवकर झाली, याचे मला आश्चर्य वाटले. तिची जलवाहिनी देवळापासून सुरू होऊन पाटीलगल्ली आणि माळगल्लीत संपली. "वस्ती दुसऱ्या टप्प्यात," असे सांगण्यात आले. टाकी आल्यावर वरच्या गल्ल्यांनी मोटारीची पाळी सोडली. सुगी आली, पारावर पायली घेऊन कोणी आले नाही. एकट्या वस्तीच्या पायल्यांनी मागे साचलेले बिल फिटण्यासारखे नव्हते. मोटारीची वीज तोडली गेली, आणि सरांची विहीर पाण्याने भरलेली असताना वस्तीचे नळ कोरडे पडले.

उन्हाळ्यात मी सरांकडे गेलो तेव्हा ओसरीवर बाई बसल्या होत्या. त्या मला पाहून थांबल्या नाहीत. बोलणे पुढे चालूच ठेवले.

"सर, राग मानू नगा. तुमी म्हणता सरकार कमी पायजे. म्या उभा जन्म सरकारच्या पगारावर काढला. गावातल्या कुणी मला उंबऱ्याच्या आत घेतलं ते माझ्या हातात सरकारची पेटी होती म्हणून. आता गावानं पाणी तोडलं. गावानं! सरकारनं न्हाय. मग आमी कुणाकडं जायचं?"

सर म्हणाले, "न्यायाला सरकारच लागतं, बाई. ते मी पत्रकात लिहिलंय. चला, उद्या तहसीलला जाऊ."

"लिहिलंय खरं," बाई म्हणाल्या. "पण गाव आपलं आपण करतंय, एवढंच तुमी मोठ्यानं सांगत फिरला."

कमी सरकार मागणारे सर दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात अर्ज घेऊन बसले. शेजारी मी आणि बाई. साहेबांनी अर्ज घेतला, पंख्याखाली ठेवला आणि म्हणाले, "दुसऱ्या टप्प्यात आहे ना? मग?" बाहेर आल्यावर सर म्हणाले, "जे एक काम सरकारनं करायचं, तेवढंच करत न्हाय." बाईंनी पदर सावरला आणि त्या एसटीकडे चालू लागल्या.

त्यानंतर वस्तीने जे केले ते अर्जावाचून केले. ज्या घरांत पगार येतो त्यांनी अधिक दिले, मजुरी करणाऱ्यांनी पायली दिली, मागचे बिल फेडून वीज जोडून घेतली. मोटारीची पाळी पुन्हा लागली, फक्त वस्तीपुरती. माप आता पारावर नव्हे, वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अंगणात होते.

तिकडे टाकी गळू लागली होती. तळाशी शेवाळाची हिरवी रेघ धरली होती आणि वरच्या गल्ल्यांत पाणी कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हते. सभामंडपाचे नुसते खांब उभे होते, वर लोखंडी सळ्या गंजत होत्या.

एका संध्याकाळी, मी सरांकडे आलो असताना, दिवे लागण्याच्या सुमारास, सरांच्या घराच्या मागच्या बाजूने बांधावरून कोणी आले. अप्पा होते. पंच्याखाली त्यांनी काहीतरी झाकून धरले होते.

"सर, पायली आणलीय," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्यापुरता नळ सोडा. सुनंला लई लांबून आणावं लागतं."

सर लगेच उठले. द्यायचेच होते त्यांना. पहिल्यापासून त्यांचा स्वभाव तो. पण मोटारीच्या किल्ल्या त्या आठवड्यात पाळीने बाईंकडे होत्या, आणि बाई तेथेच बसलेल्या होत्या.

"अप्पा, पाणी देऊ की," त्या म्हणाल्या. "पायली घिऊन उद्या दिवसा या. पारावरून या. विहाराच्या अंगणात सगळ्यांसमोर मापा, आन पाळीत नाव सांगा. आमी तुमच्या पारावर तसंच येत होतो."

"लोकं बघतील, बाई."

"बघू द्या की."

अप्पांनी सरांकडे पाहिले. सरांनी मान खाली घातली, पण किल्ल्या मागितल्या नाहीत. मग अप्पा पंचा नीट करून, पायली झाकून, आले तसे बांधावरून परत गेले.

मी त्या रात्री तेथेच राहिलो. सकाळी एसटी धरायला पारावरून गेलो, तेव्हा टाकीच्या तोटीसमोर घागरींची रांग होती आणि तोटी कोरडी होती. रांगेत सर्वांत पुढे अप्पांची तांब्याची घागर होती, घासून लख्ख केलेली. अप्पा तिच्यामागे उकिडवे बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही; ते तोटीकडे पाहत राहिले.