झोक्याभोवतीची रेघ

नागपंचमीच्या दिवशी दुपारी मी जेवून भिंतीला टेकलो होतो. शेजारची मंगल धापा टाकत दारात आली. "मामा, पळा... आत्तीला बागंत झोका लागला." तिची आत्ती म्हणजे हौसा, माझी बायको. मला वाटलं, गुडघाबिडघा फुटला असंल. पण बागेत पोचलो तर ती झोक्याखाली आडवी, कानाच्या वर फुटलेली, आणि तिनंच सकाळी ओढलेली फक्कीची पांढरी रेघ रक्तानं लाल झालेली. पलीकडं सातआठ जण एका तरण्या गड्याला लाथांनी तुडवत होते. मी खाली बसलो, तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती म्हणाली, "पोराला लागलं का हो?" एवढंच. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

झालं ते असं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोठी चिंच होती. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी तिला दोर बांधून झोके घ्यायच्या. तारांच्या आड येते म्हणून चिंच तोडली. मग लेकी जाणार कुठं? बागेतल्या लोखंडी झोक्यावर. तो झोका बारक्या पोरांचा, पण त्या दिवशी माहेरी आलेल्या दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहून माडीएवढा चढवत होत्या आणि त्यांचा भाऊ मागनं ढकलत होता. हौसा ओरडत होती, "अगं बायांनो, पोरांचा हाय त्यो, उतरा की!" त्या हसत होत्या. सणाचा दिवस, हसणारच. तेवढ्यात चेंडूमागं एक बारकं पोर रेघेच्या आत शिरलं. हौसानं त्याला बाहेर ढकललं. आणि फळीची लोखंडी कड परत आली...

मी तिला तिथं सोडून उठलो नाही, म्हणून लाथा खाणारा तो भाऊ वाचला. नाहीतर लोकांना बाजूला सारून मीच त्याचं नरडं दाबलं असतं. खोटं कशाला लिहू?

माझी शाळा चौथीत सुटली, पुढं सगळी उमर फौंड्रीत गेली. पेपरच्या पुरवणीत, मरून गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहितात म्हणे. हौसा गोड नव्हती. तिच्या तोंडाला गल्ली भ्यायची. बागेत येण्याचा नाद तिला लागला त्याला कारण झालं. एकदा कुणीतरी झोक्यावरनं उडी मारून गेला, रिकामा झोका हलत राहिला आणि मागनं आलेल्या पोरीचे पुढचे दात पडले. ती पोर हौसानंच उचलली होती. लुगड्याला रक्त घेऊन घरी आली आणि रात्रभर त्या झोक्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या मैदानावर रेघा मारणाऱ्या माणसाकडनं उरलेली फक्की मागून आणली, डालड्याच्या जुन्या डब्यात भरली आणि झोका कुठवर येतो ते हलवून बघून त्याच्या पुढं रेघ ओढली. तेव्हापासून रोज. पोर उतरल्यावर झोका हातानं थांबवायचा, घसरगुंडी ओली असली तर पदरानं पुसायची, साखळीचा आकडा झिजला की बागखात्याच्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसायचं. मी म्हणायचो, "हौसे, तुला पगार देतात का?" ती म्हणायची, "तुम्ही गप बसा, तुमचे दात हायत अजून."

एकदा एक दांडगा गडी झोक्यात अडकून बसल्यागत बसला होता. हौसा म्हणाली, "पावणं, उतरा. साखळी तुटंल." तो म्हणाला, "म्हातारे, बाग तुझ्या बाची हाय काय?" "माझ्या बाची असती तर तंगडं मोडून उतरवलं असतं. सगळ्यांची हाय म्हणून पावणं म्हणाले!" तरी तो हलला नाही. मग कोल्हापुरी चप्पल त्याच्या पाठीत बसली, चांगली करकरीत. लोक हसले. तो पुढं बागेत आला की लांबनंच हात जोडायचा.

तिचे दिवस झाल्यावर मी घण काढला. एवढी वर्षं लोखंडाबरोबर काढली, त्या झोक्याचे पाय उखडायला मला कुणाची मदत लागत नव्हती. झोका राहणार आणि माझी बायको जाणार, हे मला बघवत नव्हतं. उजाडताना खांद्यावर घण टाकून बागेत गेलो.

झोक्यापाशी एक बाई वाकली होती. त्या दोघींतली थोरली. सासरी परत गेलीच नव्हती. हातात हौसाचा डबा. त्या दिवशी तो खांबापाशीच राहिला होता, मला आठवणसुद्धा नव्हती. ती रेघ ओढत होती, वाकडीतिकडी. मला बघितलं, घण बघितला, आणि पळाली नाही. म्हणाली, "मामा... मारायचं तर मारा. पण आधी सांगा, कुठवर ओढू?"

माझ्या हातात घण होता. डोक्यात रक्त चढलं होतं. आणि तिची रेघ चुकलेली होती... पाय लांब करून बसलेल्या पोराचा तिनं हिशोबच धरला नव्हता.

"भवाने, भाईर सरक," मी ओरडलो. "अजून दोन पावलं. पोर पाय ताणून बसतंय न्हवं?"

ती सरकली. मी घण खाली ठेवला आणि झोका हलवून धरला. ती रडत ओढत गेली. मी रडू नको म्हणालो नाही.

दुपारी पाऊस आला, रेघ धुऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी ओढली. ती सासरी गेली, डबा आता माझ्याकडं आहे, झाकणावर हौसाच्या बोटांचे पांढरे ठसे तसेच आहेत, मी पुसलेले नाहीत. घणही दाराआड आहे. बागेत या, पोरं आणा, खेळवा. पण रेघेच्या आत उभं राहून हसू नका. हौसा निदान आधी पावणं म्हणायची.