दुसरी मोजणी

रेमेडिओस मेनोला अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वाम बेटावर सगळे मेडी म्हणत. अठरा वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं, मग लोकांनी तिला निवडून वॉशिंग्टनच्या संसदेत धाडलं. एकदा नाही, सहा वेळा. तिथं तिला खुर्ची होती, भाषण होतं, अंतिम मत मात्र नव्हतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. विधेयकांच्या दुरुस्त्यांवर तेवढं मताचं बटण दाबू देत. पण तिच्यासारख्या पाहुण्यांमुळे निकाल पालटला, तर त्यांना वगळून पुन्हा मतदान घ्यायचं, असा नियम. म्हणजे उपयोग नसेल तेव्हाच मत धरायचं. गणिताच्या बाईंना हे बारा वर्षांत पटलं नव्हतं.

माजी सैनिकांसाठी बेटावरच हृदयाचा दवाखाना व्हावा, ही तिची दुरुस्ती परवाच दोन मतांनी पास झाली. लगेच दुसरी मोजणी झाली आणि ती पडली.

विमानांत वीस तास काढून मेडी घरी आली, तर अंगणात मांडव, पातेलंभर लाल भात, कोळशावर कोंबड्या. गावानं टीव्हीवर पहिली मोजणी पाहिली होती आणि आनंदात टीव्ही बंद केला होता.

तिचा मामा तुन फेलिक्स, व्हिएतनामची लढाई करून आलेला म्हातारा, मधोमध बसला होता. तिनं बेटाच्या रीतीप्रमाणे वाकून त्याच्या हाताला नाक लावलं.

"देव तुझं भलं करो," तो म्हणाला. "दर तीन महिन्यांनी हृदय दाखवायला हवाईला जायचं म्हणजे सात तास कंबरेचा भुगा. सुटलो एकदाचा. बॅगसुद्धा देऊन टाकली."

"मामा, पडली ती."

"काहीतरीच. या डोळ्यांनी पाहिलं मी."

"नंतर आम्हाला वगळून पुन्हा मतं घेतली."

"कुणाला वगळून?"

"आम्हा सहा जणांना. मला."

"पण दुरुस्ती तुझीच होती ना?"

"हो."

तुन फेलिक्सनं कोळशाकडे मान वळवली. मग कुणालातरी म्हणाला, "कोंबड्या करपतायत, उलटा."

मेडीला त्याच्याकडे बघवेना. शरमेपेक्षा दमणूकच जास्त होती. तिनं आपली बॅग उघडली, कपडे बाकावर ओतले आणि रिकामी बॅग त्याच्यापुढे ठेवली.

"ही घ्या. मी आता पुन्हा उभी राहणार नाही."

म्हाताऱ्यानं चाकं फिरवून पाहिली, चेन लावून पाहिली.

"अधिवेशन कधी आहे पुढचं?"

"अठ्ठावीसला."

"सव्वीसला परत आणून देतो," तो म्हणाला. "जेव आता."