भाऊंना बोलावणं नव्हतं

रेवदंड्याचे आमचे शेजारी गायकवाड भाऊ बोलावल्याशिवाय कुठेही जात नसत, आणि बोलावणं कशाला म्हणायचं याचे त्यांचे नियम होते. माणूस घरी आला पाहिजे, ओट्यावर टेकला पाहिजे, घोटभर पाणी प्यायला पाहिजे आणि मग तोंडाने म्हणाला पाहिजे, "यायचं हां." पत्रिका शेजाऱ्याच्या हाती पाठवली तर ते बोलावणं नव्हे. मोबाईलवर पाठवली तर तो सरळ अपमान. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला ते एवढ्यावरून गेले नाहीत. वहिनी गेल्या आणि येताना लाडू घेऊन आल्या. भाऊंनी दोन खाल्ले. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "लाडवाशी माझं भांडण न्हाय, मास्तर."

तहसील कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. लोकांना 'उद्या या' सांगण्यात हयात गेली, त्यामुळे आपल्याला कुणी गृहीत धरलेलं त्यांना मुळीच खपत नसे. अशा माणसाने नव्या मुंबईतल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघावर जीव टाकावा याचं आम्हाला नवल वाटायचं, कारण तो संघ आपल्या चाहत्यांना बोलवायचा तो फक्त मोबाईलवर.

झालं होतं असं, की त्या संघाची बस एकदा मुरूडकडून परतताना भाऊंच्या दारात बंद पडली. खेळाडू अंगणात आले, माठ रिकामा करून गेले. त्यांचा गोलरक्षक उरणकडचा होता. निघताना तो म्हणाला, "येतो भाऊ." तेवढ्यावर भाऊ त्या संघाचे झाले. पुढच्याच हंगामात तो गोलरक्षक जास्त पगारावर दुसऱ्या संघात गेला. मी चिडवलं, तर भाऊ शांतपणे म्हणाले, "पोरगा गेला. घर तर तेच हाय ना?"

सामन्याच्या दिवशी भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत आणि त्यावर संघाची पिवळी जर्सी. खिसा झाकला जाई म्हणून पेन गळ्याशी अडकवलेलं. टीव्हीचा आवाज बंद, कारण बोलणारी माणसं 'समोरच्या पार्टीची'. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तो पंचांचा आकस आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. संघ बहुधा हरायचा. हरला की भाऊ वहिनींशी बोलायचे नाहीत, त्यामुळे अख्खा हंगाम वहिनींना घरात बरीच शांतता मिळायची.

आळीतली पोरं गाडी करून सामन्याला जात. भाऊंना विचारलं की उत्तर ठरलेलं, "त्यांनी बोलावलंय का?" मनातून मात्र त्यांना फार जायचं होतं. वहिनींनी एकदा मला हळूच सांगितलं, की डोळे तपासायला पनवेलला नेलं तेव्हा हा माणूस हट्टाने रिक्षा करून मैदानाच्या भिंतीपर्यंत गेला, आतला आरडाओरडा ऐकत उभा राहिला आणि तसाच परत आला. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

पुढे मैदानात खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या, तेव्हा संघाच्या मालकांना चाहत्यांची आठवण झाली. अलिबागच्या एका हॉटेलात त्यांनी सभा ठेवली. अर्थात निरोप मोबाईलवर, म्हणून भाऊ आले नाहीत. मी गेलो, जेवण चांगलं होतं. भारी बूट घातलेल्या तरुणांनी पडद्यावर प्रश्न लावला, संघ लोकप्रिय कशाने होतो? कुणी म्हणालं जिंकल्याने, कुणी म्हणालं परदेशी खेळाडूने, कुणी मध्यंतरात नाचगाणं सुचवलं, कुणी फुकट टी-शर्ट. भाऊंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "फुकटचा टी-शर्ट माणूस भात लावायला घालतो, मास्तर. परदेशी खेळाडूला लोक बघायला येतात, आपला म्हणायला न्हाय." मी ते भाऊंचं नाव घेऊन सांगितलं, आणि अशा माणसाला दारात जाऊन बोलवा असंही सांगितलं. ते तरुण इतके भारावले, की माझी मलाच शंका यायला लागली.

आठवड्याभरात संघाची गाडी भाऊंच्या दारात आली. एक चुणचुणीत मुलगी, बरोबर कॅमेरावाला. ते येणार हे मी कानावर घातलं होतंच, म्हणून वहिनींनी अंगण झाडून रांगोळी काढली होती, भाऊ सकाळपासून दाढी करून बसले होते. मुलीने दाराएवढं पुठ्ठ्याचं तिकीट त्यांच्या हाती दिलं. त्यावर संघाच्या नावापेक्षा रंगाच्या डब्यांची जाहिरात मोठी. तरीही भाऊंचे डोळे भरले होते, मी पाहिलं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "सर, एकदा परत आत जाल? दार उघडून बाहेर या आणि एकदम सरप्राइज झाल्यासारखं करा."

भाऊ आत गेले. दार लागलं ते लागलंच. थोड्या वेळाने वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ते झोपले."

संघाने पहिलंच चित्रण सगळीकडे फिरवलं. भाऊ गावोगाव प्रसिद्ध झाले, नाक्यावर लोक विचारू लागले, की एवढं दारात येऊन बोलावलं तरी का नाही गेलात? भाऊ म्हणत, "मला कुठं? क्यामेऱ्याला बोलावलं त्यांनी." त्या दिवसापासून त्यांनी टीव्हीवरचे सामनेही सोडले. पुठ्ठ्याच्या तिकिटावर वहिनी बोंबील सुकवू लागल्या. निदान त्या घरात ते कशाच्या तरी उपयोगी पडलं.

पुढच्या वर्षी मालकांनी संघ विकला. नाव बदलणार, पिवळा रंग जाणार, संघ दूरच्या एका शहरात जाणार, असं पेपरात एका कोपऱ्यात आलं. नव्या मुंबईतला शेवटचा सामना रविवारी होता. त्यासाठी कुणाला साधा निरोपही आला नाही. निरोप पाठवणाऱ्या त्या तरुणांना आधीच घरी पाठवलं होतं. आळीतल्या पोरांनी तोवर दुसरा, जिंकणारा संघ धरला होता.

रविवारी सकाळी भाऊ माझ्या दारात उभे. पांढरा शर्ट, पिवळी जर्सी, हातात पाण्याची बाटली. इतक्या वर्षांच्या 'बोलावलंय का?'चं उट्टं मला आयतंच काढता येणार होतं. मी म्हटलं, "काय भाऊ, आलं वाटतं शेवटी बोलावणं?"

भाऊ हसले नाहीत. म्हणाले, "लग्नाला बोलावणं लागतं, मास्तर. मयताला लागत न्हाय. चपला घाला."