चढावरच्या दोघी
स्टुटगार्टमध्ये दुकानं खाली दरीत आणि घरं वर टेकडीवर, अशी रचना ज्याने केली त्याने जन्मात कधी भाजी आणली नसणार. आमच्या इमारतीतल्या आम्ही दोन गृहिणी, मी पुण्याची आणि खालच्या मजल्यावरची जपानी, बॅटरीच्या सायकलींवरच संसार ओढत होतो. नवरे गाड्या घेऊन कारखान्यात जायचे. तिच्या सायकलीवर मागे धाकटा, पुढच्या टोपलीत तांदळाची पिशवी, हँडलला छत्री. ती पडेल म्हणून श्वास मी रोखायची, आणि माफी तीच मागायची. माफी मागितल्याशिवाय तिचा दिवसच उगवत नसे.

तिची जर्मन भाषेची बी-वन पातळीची परीक्षा होती. पास झाली तर तिला किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, नोकरी मिळणार होती. सहा वर्षांतली पहिली. परीक्षेचं केंद्र टेकडीच्या माथ्यावर, नऊला परीक्षेच्या खोलीचं दार बंद, उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही. नेमका त्याच दिवशी बस-ट्रेनचा संप. सोबत म्हणून मीही निघाले, आणि निम्म्या चढावर तिची बॅटरी संपली. अभ्यासाच्या नादात चार्जिंगला लावायची राहिली होती. आठ चाळीस झाले होते.

माझी सायकल तिला देऊन टाकावी, हे आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. पुण्यात स्कूटीचं पेट्रोल संपलं की मैत्रीण मागून आपल्या स्कूटीवरून एक पाय लावते आणि पंपापर्यंत ढकलत नेते. कॉलेजात मी या कलेत पटाईत होते. "तू बस, हँडल सरळ धर," असं तिला सांगून मी मागून पाय लावला. मग लक्षात आलं, पाय तिथे गुंतला तर पेडल कोण मारणार? शेवटी तिच्या धाकट्याच्या रिकाम्या सीटला हात लावला, माझी बॅटरी फुल्लवर टाकली आणि निघालो.

मागे गाड्यांची रांग लागली. फुटपाथवरच्या एका आजोबांनी हे नियमात बसत नाही, असं ओरडून कळवलं. ती त्यांना वाकून माफी मागायला गेली तशी सायकल डगमगली. "माफी नंतर! पेडल मार!" मी चक्क मराठीत ओरडले. तिला बरोबर कळलं.

नऊला दोन मिनिटं असताना घोडं एकदाचं गंगेत न्हालं. ती आत पळाली. दारावरच्या बाईंनी हातातली यादी पाहत मला विचारलं, "आणि तुमचं नाव?"

"मी परीक्षेला नाही. मी फक्त ढकलायला आलेय."

बोलले आणि मलाच टोचलं. या देशात मी तिच्या आधी आले होते. नवऱ्याची बढती, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचा व्हिसा, सगळं ढकलून झालं होतं. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला. दार बंद झाल्यावर बराच वेळ जिन्यात उभी राहिले. मग केंद्राच्या ऑफिसात जाऊन पुढच्या परीक्षेचा फॉर्म मागितला.

"कोणासाठी?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"माझ्यासाठी," मी इतक्या मोठ्याने म्हणाले, की आत परीक्षा चालू आहे, याची त्यांना मला आठवण करून द्यावी लागली.