मतदारसंघ गेला, आबा राहिले

रस्त्याने रिकामी एस.टी. गेली तरी आबा हात जोडायचे. न जाणो, ड्रायव्हरचं मत मालवणात असलं तर?

मालवणच्या बाजारात माझं बोर्ड रंगवायचं दुकान. त्यांच्या फलकांवरचे सगळे 'भावी आमदार' मीच रंगवले. आबा समोरच्या हॉटेलात बसत. कोणी काम सांगितलं की म्हणत, "माका एकदा विधानसभेत जावंदे, मगे बघ!" तुमच्याही गावात असा एखादा असेलच. पांढरेशुभ्र कपडे, कामाचा एक डाग नाही.

मासे विकणाऱ्या पारूकाकीचं घर अगदी किनाऱ्यावर. दर पावसाळ्यात समुद्र तिच्या दाराच्या आणखी जवळ यायचा. वाडीला दगडी बंधारा हवा होता. आबांनी तिथे नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि परतले.

मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली. मालवण नावाचा मतदारसंघच उरला नाही, आम्ही कुडाळात गेलो. गावात कोणाचा भात करपला नाही. आबांनी मात्र उपोषण केलं, दुपारच्या जेवणापर्यंत.

"कुडाळात माका कोण वळखता?" ते मला म्हणाले. मालवणात सगळे ओळखत होते, हीच तर खरी अडचण होती.

एकदा पारूकाकी हॉटेलाच्या दारात उभी राहिली. "आबानू, बंधाऱ्याचा काय झाला?"

"अगो, मतदारसंघच रवलो नाय. आता बंधारो खंय घालू?"

"दर्यो आसा मां अजून? त्याच्यासमोर घाला!"

हॉटेल खदखदून हसलं.

त्याच पावसाळ्यात उधाणाने पारूकाकीचं स्वयंपाकघर नेलं. सकाळी आम्ही तिचं सामान हलवत होतो, तेव्हा आबा आले. फोटो काढणारं कोणी नव्हतं, तरी आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी तिचा मसाल्याचा पाटा खांद्यावर घेतला. ओल्या वाळूत कोलमडले, पण पाटा सोडला नाही. बंधारा मात्र त्यांच्याकडून कधीच झाला नाही. पुढे पारूकाकी भावाच्या घरी राहायला गेली.

गेल्या वर्षी आबा वारले. ज्यांच्यासाठी जन्मभर घोषणा दिल्या, त्यांपैकी एकही नेता शोकसभेला फिरकला नाही. कोणीतरी 'थोर लोकसेवक' म्हणून भाषण सुरू केलं. पारूकाकी माशांची पाटी बाहेर ठेवून आत आली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि मला हळूच म्हणाली,

"माणूस वायट नव्हतो रे. पण उपेगाचो नव्हतो."