आधी काटा

"आधी काटा दाखवा," म्हणत काका तळहात पुढे करायचे. हातावर काटा पडल्याशिवाय त्यांच्याकडून पंक्चरचं ठिगळ मिळत नसे.

कर्जत-पळसदरी रस्त्यावर तुम्ही सायकल चालवली असेल, तर ते तुम्हालाही भेटले असतील. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. काळी सायकल, कॅरियरला बांधलेला पंप. पिशवीत सोल्युशन, पॉलिश पेपर, जुन्या ट्यूबचे तुकडे आणि टायर उचकटायला घरचे दोन चमचे. ते चमचे आणले तेव्हा काकू काय म्हणाल्या असतील, ते मी कधी विचारलं नाही.

मी दहिवलीची. पळसदरीला रोपवाटिकेत कामाला जाते. सायकल शिकले तीच चाळिशीत. पंक्चर झालं की ह्यांना फोन, की हे काम टाकून येणार. तिसऱ्या वेळी हे म्हणाले, "आता फोन आला तर सायकल विकून टाकीन." म्हणजे मी पुन्हा ह्यांच्या मोटारसायकलच्या मागे, ह्यांच्या वेळेला. नको गं बाई.

आठवड्यातच पुन्हा हवा गेली. फोन हातात धरून अगदी रडकुंडीला आले होते, तेवढ्यात काका थांबले. मला वाटलं, आता करून देतील. कसलं काय! चमचे माझ्या हातात दिले आणि स्वतः बांधावर जाऊन बसले. तिथूनच एकेक सांगत राहिले. टायर उघडता उघडता मीही त्यांना घरचं सगळं सांगून टाकलं. भोक सापडलं. ठिगळ मागितलं, तर तळहात पुढे आला. काटा पडला असेल कुठेतरी, असं मी ठोकून दिलं. बघितलंच कुठे होतं मी!

"पडला नाय. टायरातच हाय," काका शांतपणे म्हणाले. "तो ठेवून ठिगळ लावाल, तर पुढच्या वळणाला परत हवा जाईल."

टायरच्या आतून बोट हळूहळू फिरवलं, तर बोरीच्या काट्याचं टोक लागलं. तो काटा त्यांच्या हातावर ठेवला तेव्हा मला रडूच आलं.

"आता फोन कशाला लागतोय तुमाला?" ते म्हणाले.

रविवारी मुंबईहून येणाऱ्या महागड्या सायकलवाल्यांनाही सूट नव्हती. एका साहेबांनी झटपट नवी ट्यूब घातली, ती काकांनी परत काढायला लावली. साहेब आधी चिडले. काटा निघाल्यावर मात्र त्यांनी हात जोडले.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि काका लेकीकडे पनवेलला राहायला गेले. जाताना दोन्ही चमचे मला देऊन गेले. फार आठवण येते हो त्यांची. रस्त्याकडेला कुणी सायकलपाशी वाकलेलं दिसलं की वाटतं, तेच असतील.

गेल्या रविवारी हे माझी सायकल घेऊन दूध आणायला गेले. अर्ध्या तासाने ह्यांचाच फोन. पंक्चर! विकायची का, असं अगदी जिभेवर आलं होतं, पण गिळलं. माझी पंक्चरची पिशवी घेऊन मी चालत गेले, चमचे ह्यांच्या हातात दिले आणि बांधावर बसले. घामाघूम होऊन ह्यांनी एकदाचं भोक शोधलं आणि म्हणाले, "दे आता ठिगळ."

मी तळहात पुढे केला.